लाँग एक्स्पोजरसाठी ट्रायपॉड: दुकानात काय तपासायचं आणि पुळणीत कसा रोवायचा

गुहागरच्या पुळणीवर एका संध्याकाळी मी दोन तास उभी होते, ओहोटी लागलेली, समोर सुरूचं बन, १० स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश खूप कमी करणारी काळी काच) लावलेला आणि दोन-दोन मिनिटांचे एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवून काढलेले फोटो, चाललेले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन लॅपटॉपवर शंभर टक्के झूम केलं तर एकही फोटो धड शार्प नाही, सुरूच्या प्रत्येक खोडाला शेजारी एक पुसट जुळं खोड. आधी वाटलं फोकस चुकला. पण फोकस चुकला की सगळ्या दिशांना सारखंच धूसर येतं, इथे मात्र सगळं चित्र एकाच बाजूला तिरकं घसरलेलं होतं. दोन-तीन फोटो शेजारी-शेजारी लावून बघितले तेव्हा उलगडा झाला, ट्रायपॉडचा एक पाय ओल्या वाळूत हळूहळू खचत होता.

किती खचला असेल? हिशोब करून बघा. पाय पूर्ण उघडले की दोन पायांमधलं अंतर साधारण १ मीटर असतं. त्यातला एक पाय फक्त १ मिलिमीटर खाली गेला, म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा थोडंसंच जास्त, तरी २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने चित्र ८ ते १० पिक्सेल सरकतं. डोळ्याला काही कळत नाही, हाताला कळत नाही, फोटोला मात्र बरोबर कळतं.

हे सगळं आधी सांगितलं कारण ट्रायपॉड घेताना बहुतेक जण चुकीच्या गोष्टीला घाबरतात. आपल्याला वाटतं शटर दाबताना कॅमेरा हलतो तो मोठा प्रॉब्लेम. १/१५ सेकंद ते १ सेकंद या टप्प्यात तो खरंच प्रॉब्लेम आहे, तिथे शटरच्या धक्क्यानेही फोटो खराब होतो. पण एक्स्पोजर २ मिनिटांचा असेल आणि सुरुवातीचा एक सेकंद कॅमेरा थरथरला तर त्या सेकंदात आलेला प्रकाश एकूण प्रकाशाच्या एक टक्क्याहून कमी असतो, फोटोत तो दिसतच नाही (फ्रेममध्ये रस्त्यावरचा दिवा किंवा तेजस्वी तारा असेल तर त्याला बारीक शेपूट येते, ते वेगळं). लाँग एक्स्पोजरला घात करतं ते हळूहळू सरकणं: पाय खचतो, हेड (कॅमेरा ज्यावर बसतो तो वरचा भाग) पाव मिलिमीटर झुकतं, वारा सतत ढकलत राहतो. म्हणून ट्रायपॉड बघताना प्रश्न एकच ठेवायचा, हा पाच मिनिटं जिथल्या तिथे राहील का?

आता खोक्यावरचा आकडा. 'लोड कपॅसिटी ८ किलो', '१२ किलो', असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. हा आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक ठरलेली पद्धत नाही, प्रत्येकाचं आपापलं गणित. त्यातून फार तर एवढंच कळतं की तेवढ्या वजनाने ट्रायपॉड मोडून पडणार नाही, तो किती ताठ राहील हे त्यातून कळत नाही. तुमचा कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड-दोन किलो असेल तर निदान तिप्पट आकडा असलेला बघा, आणि त्यानंतर तो आकडा विसरून जाऊन पाय बघा.

पाय म्हणजे नळ्या. नळी जेवढी जाड तेवढी ताठ हे सगळ्यांना कळतं, पण फरक किती पडतो ते लक्षात येत नाही. पत्र्याची जाडी तीच ठेवून २२ मिमीच्या नळीऐवजी २८ मिमीची घेतली तर तिचा ताठपणा साधारण दुप्पट होतो. सहा मिलिमीटरमध्ये दुप्पट! आणि दुकानदार नेहमी वरची सगळ्यात जाड नळी दाखवतो, तुम्ही खालची सगळ्यात बारीक नळी बाहेर काढून बघा, कारण ट्रायपॉड तिथेच लवतो. माझं मत विचाराल तर वरची नळी २५ ते २८ मिमी असावी आणि शेवटची २० मिमीच्या फार खाली जाऊ नये. शेवटची नळी पेन्सिलीसारखी बारीक असेल तर तो ट्रायपॉड मोबाईलसाठी ठीक आहे, समुद्रावर नको.

याच कारणामुळे पायाचे भाग किती आहेत ते महत्त्वाचं. तीन भागांचा पाय असेल तर दोन लॉक आणि खालची नळीही बऱ्यापैकी जाड. चार भागांचा थोडा जास्त लवतो पण मिटल्यावर आखूड होतो, सॅकला बांधता येतो, एसटीच्या रॅकवर मावतो. पाच भागांचे 'ट्रॅव्हल' ट्रायपॉड दिसायला गोंडस असतात, लाँग एक्स्पोजरसाठी मी तरी घेणार नाही. गाडीने फिरणार असाल तर डोळे झाकून तीन भागांचा घ्या. पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर चढायचं असेल, पाठीवर पाणी, स्लीपिंग बॅग, जॅकेट सगळं असेल, तर चार भागांचा चालेल.

मधला दांडा, म्हणजे सेंटर कॉलम, वर उचलायचा नाही. ज्या क्षणी तो वर काढता त्या क्षणी तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा एका काठीवर उभा होतो. एवढं माहीत असूनही लोक तो काढतात कारण ट्रायपॉड बुटका पडतो, म्हणून घेतानाच उंचीचा हिशोब करा. समजा तुमची उंची १६८ सेंमी आहे, डोळे साधारण १५६ सेंमीवर येतात. बॉल हेडचे (गोळ्यावर फिरणारं हेड) १० सेंमी आणि व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ८-१० सेंमी वजा केले की दांडा न काढता पायांची उंची १३७ सेंमीच्या आसपास पुरते. उतारावर उभे राहणार असाल तर १०-१५ सेंमी जास्तच असू दे, खालच्या बाजूचे पाय लांब करावे लागतात. स्क्रीन वळणारी असेल तर उंचीत थोडी तडजोड चालते. कॅटलॉगमध्ये दोन उंच्या दिलेल्या असतात, दांड्यासकट आणि दांड्याशिवाय, आपल्याला दुसरी बघायची. आणि दांडा अजिबात नसलेलेही ट्रायपॉड मिळतात, जमत असेल तर जरूर बघा.

अॅल्युमिनियम की कार्बन फायबर? १९९४ मध्ये गिट्झोने कार्बन फायबरचे ट्रायपॉड आणले तेव्हापासून हा वाद चालू आहे. कार्बन हलका, थरथर लवकर जिरवतो, थंडीत हाताला चटका देत नाही, स्पितीला जाणाऱ्यांना हे विचारा. पण दगडावर जोरात आपटला तर अॅल्युमिनियमला पोचा येतो आणि कार्बनला तडा जाऊ शकतो. किंमतही बऱ्याचदा दुपटीच्या घरात जाते. इथे मी ठामपणे सांगते: बजेट ठरलेलं असेल तर बारीक नळ्यांच्या कार्बनपेक्षा जाड नळ्यांचा अॅल्युमिनियम घ्या. मॅनफ्रॉटोच्या ०५५ सिरीजमधला तीन भागांचा अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड हेडशिवाय अडीच किलोचा आहे, खांद्यावर घेऊन चालताना जाणवतो, पण वाऱ्यात तेच वजन कामी येतं. बेनरो, व्हॅनगार्ड, सिरुई यांच्यातही त्याच जाडीचे मिळतात. नाव कुठलंही असो, नळी मोजा.

लॉक दोन प्रकारचे, खटक्याचे आणि पिळायचे. खटक्याचे उघडे की बंद ते लांबून दिसतं, ढिले झाले तर छोट्या पान्याने आवळता येतात. पिळायचे आटोपशीर असतात, झुडपात अडकत नाहीत, पण त्यात वाळू गेली की उघडून धुवावे लागतात. मी पिळायचे वापरते कारण ते हाताने पूर्ण सुटे होतात. एक पाय घरी सगळा खोलून परत बसवून बघा, जमलं तर तो ट्रायपॉड तुम्हाला वर्षानुवर्षं साथ देईल.

आता हेड, कारण निम्मा घोळ इथेच होतो. चांगल्या पायांवर स्वस्तातलं हेड लावायचं आणि मग ट्रायपॉडला नावं ठेवायची, हे मी खूप बघितलंय. बॉल हेडमधला गोळा मोठा हवा, ४० मिमीच्या आसपास असेल तर छान. आर्का-स्विस पद्धतीची प्लेट असलेलंच घ्या, साधारण ३८ मिमी रुंदीची, तिरक्या कडांची ही प्लेट आता जवळजवळ सगळीकडे चालते, एक हरवली तर दुसरी सहज मिळते. प्लेटला कडेला छोटा ओठ असेल तर कॅमेरा उभा धरल्यावर प्लेटवर फिरत नाही. फक्त लँडस्केपच करत असाल तर तीन दांड्यांचं पॅन-टिल्ट हेड किंवा दातेरी चक्रांनी थोडं-थोडं फिरवायचं गिअर हेडसुद्धा उत्तम, क्षितिज सरळ करताना एकेक दिशा वेगळी हलवता येते, पण बोजड असतं. कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंची असतो आणि पायांवरचा हेडसाठीचा बहुतेक ३/८ इंची, पाय आणि हेड वेगवेगळ्या कंपन्यांचे घेणार असाल तर एवढं जुळवून बघा.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि तुमच्याकडची सगळ्यात लांब लेन्स घेऊन जा. ऑनलाइन मागवणार असाल तर हेच घरी पहिल्या दिवशी करा, परत करायची मुदत संपायच्या आत. पाय पूर्ण लांब करा, दांडा खाली, सगळे लॉक घट्ट. पायांच्या वरच्या जोडावर तळहाताने दाबा, पाय बाहेरच्या बाजूला फाकत असतील तर नको. मग तोच जोड दोन्ही हातांनी धरून ओला टॉवेल पिळतो तसा थोडा पिळा. इथे कमअस्सल ट्रायपॉड लगेच उघडा पडतो, वरचा भाग फिरतो आणि सोडल्यावर लडबडत परत येतो. दाबाला टिकणारे पुष्कळ असतात, पिळायला टिकणारे थोडे.

यानंतर कॅमेरा लावा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) चालू करून समोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या एखाद्या अक्षरावर १० पट झूम करा आणि पायावर टिचकी मारा. अक्षर थरथरेल, थरथरू दे, किती वेळात शांत होतं ते मोजा. एका सेकंदाच्या आत थांबलं तर उत्तम, दोन सेकंद ठीक, 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणून झालं तरी अक्षर डुलतंय तर पैसे परत खिशात. नंतर हेडची परीक्षा: अक्षर फ्रेमच्या बरोबर मधोमध आणा, हेड आवळा, हात काढा. अक्षर खाली गेलं? थोडं जाणारच, पण फार जात असेल तर प्रत्येक फ्रेमला डोकं उठेल. मग एक फोटो काढा, पाच मिनिटं काहीही न हलवता थांबा, दुकानदाराशी गप्पा मारा, परत एक फोटो काढा आणि दोन्ही झूम करून एकामागून एक बघा. अक्षर जागच्या जागी असेल तर हेड चांगलं. ही पाच मिनिटं कोणी देत नाही, सगळे पिळून-दाबून घाईने घेतात, आणि लाँग एक्स्पोजरसाठी नेमकी हीच टेस्ट महत्त्वाची आहे.

घेतल्यावर निम्मं काम जमिनीवर असतं. पुळणीत ट्रायपॉड नुसता ठेवायचा नाही, रोवायचा. एकेक पाय धरून थोडा फिरवत खाली दाबायचा, खालची घट्ट वाळू लागेपर्यंत, बऱ्याचदा वीतभर तरी जातो. मग वरून अंगाचा भार देऊन एकदा दाबायचं आणि त्यानंतरच क्षितिज सरळ करायचं. लाट पायाला लागून परत गेली की पायाच्या बुडाची वाळू उकरून नेते, त्यामुळे लाट येऊन गेल्यावर पुन्हा एकदा दाबा आणि मग शटर उघडा. गुहागरला माझं हेच चुकलं, पहिल्या लाटेनंतर मी ट्रायपॉडला हात लावलाच नव्हता.

पाण्यात किंवा वाळूत उभं करताना पाय उलट्या क्रमाने उघडा. एरवी आपण वरची जाड नळी आधी काढतो, आणि तेच बरोबर. इथे मात्र सगळ्यात खालची बारीक नळी आधी पूर्ण काढायची, म्हणजे शेवटचा लॉक पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतो. ताठपणा थोडा कमी होतो पण लॉकमध्ये खारं पाणी जात नाही.

पावसाळ्यात धबधब्यावर अडचण वेगळी. आपला सह्याद्रीचा कातळ कोरडा असताना रबरी पायांना मस्त धरून ठेवतो, शेवाळ आलं की तेच रबर साबणासारखं घसरतं. अशा ठिकाणी खाली लोखंडी टोक काढता येणारे पाय हवेत, टोक कातळाच्या फटीत अडकवायचं. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक वर. लेन्स जड असेल तर एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे ठेवा, भार त्या पायावर जातो आणि तुम्हाला मागे उभं राहायला जागा मिळते. पाण्याजवळ बसून काढायचं असेल तर प्रत्येक पाय वेगळ्या कोनात लॉक होणारा ट्रायपॉडच लागतो, घेताना हेही बघा. आणि ओढ्याच्या पात्रात ट्रायपॉड लावून फिल्टरशी खेळत बसू नका, वर घाटमाथ्यावर पाऊस पडला की पाणी बघता-बघता वाढतं, गढूळ व्हायला लागलं की ट्रायपॉडसकट बाहेर. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही तसंच, भरतीला तिथल्या खडकांवर लाटा चढतात, भरती-ओहोटीची वेळ बघूनच उतरा.

वारा. नाणेघाटात पावसाळ्यात वारा एवढा असतो की धबधबा उलटा वर उडतो, तिथे कुठलाही ट्रायपॉड पूर्ण उंचीवर उभा करू नका. शेवटची बारीक नळी आत, पाय फाकवून बुटका करा. मधल्या हुकाला सॅक अडकवतात ते चांगलं, पण सॅक लोंबकळत ठेवली तर ती वाऱ्याने झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते, सॅकचं बूड जमिनीला टेकलेलं हवं. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो शिडासारखा फडफडतो. आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून उभं राहा, उघडी छत्री असेल तर आणखी बरं.

पुलावरून किंवा स्कायवॉकवरून गाड्यांचे लाइट ट्रेल, म्हणजे दिव्यांच्या लांब रेषा, काढताना कितीही भारी ट्रायपॉड असला तरी उपयोग नाही, कारण पूलच हलतो. ट्रक गेला की पायाखाली कळतं. खांबाच्या बरोबर वर उभं राहा, दोन खांबांच्या मध्ये नको. एक काळा पुठ्ठा जवळ ठेवा, एक्स्पोजर चालू असताना पूल हादरला की लेन्सला न टेकवता समोर धरा, हादरा गेला की काढा. गर्दीच्या जागी आणि संरक्षित स्मारकांत मात्र ट्रायपॉडला परवानगी लागते, आधी चौकशी करून जा, तिथे पोचल्यावर वाद घालण्यात सूर्यास्त जातो.

काजव्यांसाठी मे महिन्याच्या शेवटी भंडारदरा, पुरुषवाडीकडे जाल तेव्हा एकाच जागेवरून तास-दीड तास फ्रेम घेऊन नंतर एकत्र करतात, म्हणजे ट्रायपॉड तेवढा वेळ केसभरही हलता कामा नये. उजेड असताना जागा धरा, पाय रोवा, फोकस लावून ठेवा, मग रात्री टॉर्च लावायची गरजच पडत नाही आणि काजव्यांनाही त्रास होत नाही. पायांना रात्री चमकणारी पट्टी लावू नका, तिचा उजेड फ्रेममध्ये येतो, त्यापेक्षा बाजूला दोन दगड ठेवा म्हणजे कोणी अडखळणार नाही. स्टार ट्रेललाही, म्हणजे फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेषांनाही, हेच. तारे ज्याच्याभोवती फिरताना दिसतात तो ध्रुवतारा पुण्या-मुंबईकडून क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर असतो, कॅमेरा फारसा वर करावा लागत नाही, त्यामुळे हेडवर ताण कमी येतो.

ट्रायपॉडवर असताना लेन्सचं आणि कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद ठेवा, काही कॅमेऱ्यांना ट्रायपॉड ओळखता येतो, काहींना येत नाही आणि ते उगाच चित्र हलवत राहतात. रिमोट नसेल तर २ सेकंदांचा टायमर, मातीत किंवा वाळूत असाल तर १० सेकंदांचा, तुम्ही बाजूला झाल्यावर जमीनही थोडी सावरते. शटर उघडं असताना ट्रायपॉडभोवती फेऱ्या मारू नका.

समुद्रावरून आलात की त्याच रात्री, कितीही दमलेले असलात तरी, बाथरूममध्ये पाय गोड्या पाण्याखाली धरा. कार्बनच्या नळ्यांना काही होत नाही पण जोड, स्क्रू आणि लॉकमधले धातूचे भाग खारं पाणी खातं. लॉक फिरवताना करकर ऐकू आली तर वाळू आत गेलेली आहे, तसंच पिळत राहू नका, आटे जातील. नळी सुटी करा, आतले प्लास्टिकचे दोन तुकडे कुठल्या बाजूने होते त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, जुन्या टूथब्रशने आटे साफ करा, उलटं टांगून रात्रभर सुकू द्या आणि सकाळी आट्यांना बोटाने थोडं ग्रीस लावून परत बसवा.